नैराश्य आणि ख्रिस्ती विश्वास : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : मी अहिल्यानगर जिल्ह्यात शिक्षिका आहे. गेले तीन महिने पहाटे तीनलाच जाग येते, अन्नावरची वासना उडाली आहे, बायबल उघडले तरी वाचलेले मनात ठरत नाही. महिला मंडळातील भगिनी म्हणतात, 'कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका' असे वचन असताना तुम्ही अशा का? माझा विश्वास कमी पडतो आहे का?

उत्तर : नाही. आपण लिहिलेली लक्षणे नैराश्य या आजाराची आहेत. ती दोन आठवड्यांहून अधिक टिकली तर डॉक्टरांना दाखवावे, आणि आपल्याला तर तीन महिने झाले आहेत. प्रार्थनेला जी एकाग्रता लागते तीच या आजारात आधी जाते. म्हणून प्रार्थना जमत नाही याचा अर्थ देव दुरावला असा काढू नये. भगिनींनी सांगितलेले वचन प्रेषित पौलाने स्वतः बंदिवासात असताना लिहिले. ते धीर देण्यासाठी आहे, आजारी माणसाच्या विश्वासाची झडती घेण्यासाठी नव्हे.

बायबलमधील 1 राजे या पुस्तकाचा अध्याय 19 कोणाकडून तरी वाचून घ्या. कर्मेल डोंगरावर एवढा विजय मिळवलेला संदेष्टा एलीया रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतो, आणि तिथे आलेला देवदूत त्याला बोल लावत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी उशाशी ठेवतो, त्याला पुन्हा झोपू देतो आणि पुन्हा उठवून खाऊ घालतो. देवाशी संभाषण होते ते त्यानंतर, कित्येक दिवसांची वाट चालून गेल्यावर. अन्न आणि झोप यांची विचारपूस डॉक्टर आधी करतात ते अश्रद्धेने नव्हे. 88वे स्तोत्र तर अंधारातच संपते आणि तरीही ते स्तोत्रसंहितेत आहे. आपल्यासारख्यांनाही देवापुढे बोलता यावे म्हणूनच ते राहिले, असे मी मानतो. थायरॉईड, हिमोग्लोबिन आणि बी-12 यांची तपासणीही करून घ्यावी, कारण यांतील बिघाडानेही अशी मरगळ येते.

प्रश्न : सहा महिने नैराश्याच्या गोळ्या घेतो आहे, आता बरे वाटते. एका आरोग्यप्रार्थनेच्या सभेत मला सांगण्यात आले की, यापुढे गोळी घेणे हा अविश्वास ठरेल. बंद करू का?

उत्तर : मनाने बंद करू नका. या गोळ्या एकाएकी थांबवल्या तर चक्कर येते, झोप मोडते, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखे वाटते आणि आजार उलटण्याचा धोका वाढतो. आजार पहिल्यांदाच झाला असेल तर पूर्ण बरे वाटू लागल्यानंतरही साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवून मग ते हळूहळू उतरवतात. या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही. येशूने कुष्ठरोग्याला बरे केल्यावर 'जाऊन स्वतःला याजकास दाखव' असे सांगितले, कारण शुद्धतेची खात्री करण्याचा अधिकार त्या काळी याजकाचा, म्हणजे यहूदी धर्मगुरूचा, होता. आपणही प्रार्थनेबद्दल आभार मानावेत आणि डॉक्टरांना दाखवावे. पौलाचा सोबती लूक वैद्यच होता.

जे लिथियम हे मनःस्थितीचे टोकाचे चढउतार आवरणारे औषध घेतात त्यांनी उपवासकाळात विशेष जपावे. पाणी आणि मीठ कमी पडले की रक्तातील लिथियम वाढून विषबाधा होऊ शकते, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याखेरीज कडक उपवास धरू नये.

प्रश्न : आम्ही वसईचे कॅथोलिक. गेल्या वर्षी माझ्या मुलाने स्वतःचे जीवन संपवले. अशा आत्म्याला क्षमा नाही, असे एकांनी तोंडावर सांगितले.

उत्तर : ताई, ज्यांनी हे सांगितले त्यांना आपल्याच धर्मसभेची, म्हणजे चर्चची, शिकवण ठाऊक नाही. कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या 2282 आणि 2283 या परिच्छेदांत स्पष्ट म्हटले आहे की, गंभीर मानसिक व्याधीमुळे अशा व्यक्तीची जबाबदारी कमी होऊ शकते, तिच्या तारणाविषयी आशा सोडू नये आणि धर्मसभा तिच्यासाठी प्रार्थना करते. 1917च्या धर्मसभेच्या कायद्यात अशांना ख्रिस्ती दफन नाकारणारी तरतूद होती. 1983च्या कायद्यात ती उरलेली नाही. मुलासाठी मिस्सा अर्पण करायला संकोचू नका. आणि आपल्या स्वतःच्या मनात जगणे नकोसे झाल्याचा विचार डोकावत असेल तर एकट्या राहू नका: 14416 या सरकारी टेली-मानस क्रमांकावर रात्रंदिवस मोफत बोलता येते.

प्रश्न : मी पाळक आहे. मंडळीतील अशा कुटुंबाला भेटायला गेल्यावर काय करावे?

उत्तर : प्रार्थना थोडक्यात करा, ऐकणे जास्त करा. मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर होकारार्थी आले तर घरच्यांना सांगून कीटकनाशके आणि जादा गोळ्या हलवायला लावा, त्या माणसाजवळ कोणीतरी सतत राहील असे पाहा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दुष्टात्म्याचे निदान करून सुटकेच्या प्रार्थनेत आठवडे घालवणे जिवावर बेतू शकते. लंडनचे प्रसिद्ध उपदेशक स्पर्जन यांच्या 1856च्या सभेत चेंगराचेंगरी होऊन सात माणसे गेली. त्या धक्क्याने ते पुरते खचले, पुढेही नैराश्याने त्यांना वारंवार गाठले, आणि ते त्याविषयी उघडपणे बोलत. आपणही या आजाराचे नाव उपदेशात एकदा घ्यावे. दवाखान्यात जायला लाजणाऱ्यांना मग आपल्याकडे येऊन बोलणे सोपे जाईल.