अल्सरेटिव्ह कोलायटिस काहींना सौम्य आणि काहींना इतका तीव्र का असतो? तिखट खाल्ल्याने तो वाढतो का?

तुमच्या प्रश्नातले तिखटाबद्दलचे वाक्य वाचून लिहायला बसले, कारण नेमक्या याच मुद्द्यावरून आमच्या घरात काकांशी अबोला आहे.

माझा धाकटा भाऊ सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर कामाला असताना त्याला या आजाराचे, म्हणजे मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला दाह होऊन व्रण पडण्याच्या विकाराचे, निदान झाले. मेसालामाइन या आतड्याचा दाह कमी करणाऱ्या औषधाच्या गोळ्यांनी शौचातून रक्त पडायचे थांबले, तेव्हा काकांनी घरी येऊन ठणकावून सांगितले की गोळ्यांनी उष्णता वाढते, त्या बंद करा आणि शेंगाचटणी सोडा. आईने त्याच संध्याकाळी चटणीचा डबा माळ्यावर टाकला, कडक भाकरीऐवजी मऊ भात सुरू केला आणि गोळ्यांचे पाकीट कपाटात तसेच पडून राहिले. त्यातच मागावर उभे राहून दुखणाऱ्या पाठीसाठी भाऊ मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणून खात होता. पुढे ताप आणि रक्ताचे जुलाब यांनी तो इतका खचला की दवाखान्यात भरती करून शिरेतून स्टेरॉइड द्यावे लागले. काका भेटायला आले आणि सलाइनच्या नळीकडे पाहत आईला म्हणाले, "वहिनी, चटणी कुणी दिली याला?" महिनाभर पथ्याचे शिजवणाऱ्या बाईला हे ऐकावे लागले, याचा राग मला अजून आहे.

दाह फक्त गुदाशयापुरता आहे, डाव्या बाजूपर्यंत आहे की संपूर्ण मोठ्या आतड्यात पसरला आहे, यावर तीव्रता बरीचशी अवलंबून असते. कमी वयात झालेले निदान, दुर्बिणीतून दिसणारे खोल व्रण, रक्तातले वाढलेले सीआरपी (दाह दाखवणारे प्रथिन) आणि घटलेले अल्ब्युमिन (रक्तातले एक मुख्य प्रथिन) ही पुढे आजार जड जाण्याची लक्षणे मानली जातात. औषध मध्येच सोडणे, डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके घेणे आणि क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसाइल या जंतूचा संसर्ग होणे यांमुळे शांत झालेला आजार पुन्हा उसळू शकतो. झटका किती तीव्र आहे हे ठरवण्यासाठी ऑक्सफर्डचे डॉक्टर ट्रुलव्ह आणि विट्स यांनी १९५५ साली मांडलेले निकष आजही वापरात आहेत. दिवसातून ६ किंवा अधिक वेळा रक्ताचे शौच होत असेल आणि सोबत नाडी ९०च्या वर, ताप ३७.८ अंश सेल्सिअसच्या वर, हिमोग्लोबिन १०.५च्या खाली किंवा ईएसआर (दाह दाखवणारी रक्ततपासणी) ३०च्या वर यांपैकी एक जरी असेल, तर तो तीव्र झटका समजून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. या निकषांत चटणी कुठेही नाही.

तिखटाने आतड्यात व्रण पडतात असे सांगणाऱ्याचे ऐकू नका, मग तो घरातला कितीही वडीलधारा असो. गोळ्या कमी करायच्या की नाही, हे पोटविकारतज्ज्ञ शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी (आतड्यातला दाह दाखवणारी) आणि दुर्बिणीची तपासणी पाहून ठरवतील; बरे वाटणे हा आजार शमल्याचा पुरावा नव्हे. मी डॉक्टर नाही, हे मात्र ध्यानात ठेवा. झटका चालू असताना तिखटाने कळा आणि जळजळ वाढते, हे भावाच्या बाबतीतही खरे होते, म्हणून तेवढ्यापुरते ते टाळण्यात काही चूक नाही. क्रोन्स या आतड्याच्या दाहाच्याच दुसऱ्या आजाराचा हिशेब मात्र वेगळा आहे: त्यात आतडे अरुंद झाले असेल तर चोथ्याचे पदार्थ अडकू शकतात, आणि धूम्रपानाने तो आजार निश्चित बिघडतो. शिवाय आपल्याकडे आतड्याचा क्षयही क्रोन्ससारखाच दिसतो, त्यामुळे निदान क्रोन्सचे असेल तर क्षयाची शक्यता तपासली आहे का, हे डॉक्टरांना आधी विचारा.