सेटअपसोबत कोणती शिदोरी बांधायची?

गेल्या काही आठवड्यांत आलेले प्रश्न जवळपास एकाच जागी अडलेले आहेत. प्रोग्रॅम लिहून झाला, कंपाइल झाला, घरच्या मशीनवर सुरळीत चालतोय. आता तो दुसऱ्याच्या मशीनवर बसवायचाय. या टप्प्याला आपल्याकडे फार कमी लेखलं जातं. सहा महिने कोड लिहिणारा माणूस सेटअपसाठी एक संध्याकाळ राखून ठेवतो आणि पुढचं वर्षभर फोन उचलत बसतो. म्हणून यावेळी सगळे प्रश्न याच विषयावरचे घेतले आहेत.

प्रश्न: मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सी प्लस प्लसमध्ये वाचनालयाच्या नोंदींचा प्रोग्रॅम केला. माझ्या लॅपटॉपवर चालतो. मित्राच्या लॅपटॉपवर ‘व्हीसी रनटाइम १४०’ नावाची डीएलएल (प्रोग्रॅमला चालताना लागणारी जोडफाइल) नाही असा संदेश येतो. ती फाइल नेटवरून उतरवून शेजारी ठेवली तर चालेल का? (पंचवटी)

नेटवरच्या कुठल्याही ‘डीएलएल डाउनलोड’ साइटवरून काहीही उतरवू नका. ती फाइल कोणी, कधी, काय घालून ठेवली आहे हे तुम्हाला कळणार नाही, आणि ती तुम्ही मित्राच्या मशीनवर नेऊन ठेवणार आहात.

कारण साधं आहे. तुमच्या लॅपटॉपवर व्हिज्युअल स्टुडिओ (प्रोग्रॅम लिहायचं मायक्रोसॉफ्टचं साधन) आहे, त्यामुळे ही रनटाइम, म्हणजे प्रोग्रॅम चालायला लागणारा जोडसंच, आपोआप आली. मित्राकडे ती नाही. मायक्रोसॉफ्ट याच कामासाठी रीडिस्ट्रिब्युटेबल, म्हणजे दुसऱ्याला वाटता येईल असं, पॅकेज देतं. २०१५ ते २०२२ या सगळ्या आवृत्त्यांना एकच पॅकेज चालतं. ते सेटअपमध्ये घाला आणि तुमच्या फाइल्स बसण्याआधी गुपचूप चालवा. प्रोग्रॅम लहान असेल तर दुसरा मार्ग आहे: कंपाइलरला एमटी हा पर्याय द्या, म्हणजे रनटाइम तुमच्या ईएक्सईमध्येच मिसळते आणि वेगळी शिदोरी लागत नाही.

मित्राच्या स्क्रीनवरचं नाव मात्र एकदा नीट वाचा. नावाच्या शेवटी ‘डी’ असेल तर तुम्ही डीबग बिल्ड, म्हणजे चुका शोधण्यासाठीची आवृत्ती, दिला आहे. डीबगच्या डीएलएल दुसऱ्याला वाटायची परवानगीच नाही आणि रीडिस्ट्रिब्युटेबलमध्येही त्या नसतात. रिलीजमध्ये, म्हणजे वाटायच्या आवृत्तीत, पुन्हा बिल्ड करा. असे निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

क्यूट (खिडक्या-बटणं बनवायचा संच) वापरत असाल तर ‘विनडिप्लॉयक्यूट’ हे अवजार रिलीजच्या फोल्डरवर चालवा. क्यूटला ‘प्लॅटफॉर्म्स’ नावाच्या उपफोल्डरमधली एक प्लगइन लागते, आणि हाताने डीएलएल गोळा करणारे ती हमखास विसरतात.

चाचणी स्वतःच्या मशीनवर करू नका. तुमच्या मशीनवर सगळं आधीच आहे, ते खोटी ग्वाही देणार. विंडोज प्रो असेल तर विंडोज सँडबॉक्स सुरू करा: दरवेळी कोरं विंडोज उघडतं, बंद केलं की पुसलं जातं. होम आवृत्तीत ती सोय नाही. तिथे व्हर्च्युअलबॉक्समध्ये (मशीनच्या आत दुसरं मशीन चालवणारा प्रोग्रॅम) कोरं विंडोज बसवून स्नॅपशॉट, म्हणजे परत येता येईल अशी त्या स्थितीची नोंद, घेऊन ठेवा.

प्रश्न: कांदा व्यापाऱ्यांसाठी काटापट्टी आणि हिशोबपट्टीचं सॉफ्टवेअर विकतो. आठ वर्षं ३२-बिट होतं. यंदा ६४-बिट करून नवा सेटअप दिला, तर एका व्यापाऱ्याच्या सगळ्या नोंदी गायब! फोल्डरमध्ये कोरी डेटाबेस दिसते. त्यांच्या दिवाणजींचा धीर सुटलाय. (लासलगाव परिसर)

आधी त्यांना फोन करून सांगा की नोंदी बहुतेक जागेवर आहेत, आणि तोवर त्या मशीनवर काहीही पुसू नका, पुन्हा बसवू नका.

मग त्या दिवाणजींच्याच लॉगिनमध्ये रन उघडून ‘लोकल अ‍ॅपडेटा’चा पर्सेंट चिन्हांमधला शब्द (%localappdata%) टाका. जो फोल्डर उघडेल त्यात ‘व्हर्च्युअलस्टोअर’, त्याच्या आत ‘प्रोग्रॅम फाइल्स एक्स-८६’, आणि त्याच्या आत तुमच्या सॉफ्टवेअरचं नाव. आठ वर्षांची पट्टी तिथे असण्याची दाट शक्यता आहे.

हे कसं झालं ते समजून घ्या, कारण हा दोष नाशिकच्या कित्येक घरगुती सॉफ्टवेअरमध्ये दडलेला आहे. तुमचा प्रोग्रॅम डेटाबेस स्वतःच्या शेजारी, म्हणजे प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहायला जात होता. २००७ साली विस्टा आलं तेव्हापासून साध्या वापरकर्त्याला तिथे लिहायची मुभा नाही. पण जुने प्रोग्रॅम एकदम बंद पडू नयेत म्हणून विंडोजने एक तडजोड केली: मॅनिफेस्ट (प्रोग्रॅमला काय लागतं हे विंडोजला सांगणारी माहिती) नसलेला ३२-बिट प्रोग्रॅम तिथे लिहू लागला की ते लिखाण गुपचूप त्या वापरकर्त्याच्या व्हर्च्युअलस्टोअरकडे वळवायचं. ६४-बिट प्रोग्रॅमला ही सवलत नाही. तुम्ही ६४-बिट केलं, आडवाट बंद झाली, आणि प्रोग्रॅमला खरा फोल्डर दिसला. त्यात सेटअपने ठेवलेली कोरी फाइल.

यातली जास्त वाईट गोष्ट पुढे आहे. व्हर्च्युअलस्टोअर प्रत्येक लॉगिनचा वेगळा. एकाच मशीनवर दिवाणजी एका लॉगिनने आणि शेठ दुसऱ्या लॉगिनने बसत असतील, तर आजवर दोन वह्या चालू होत्या आणि दोघांनाही ते माहीत नव्हतं. मी स्वतः एका खळ्यावर हे पाहिलं आहे. बाहेर ट्रॅक्टर भुईकाट्यावर उभे, आत शेठच्या स्क्रीनवर आदल्या दिवशीची आवक शून्य, आणि दिवाणजी शपथेवर सांगतायत की सगळ्या पट्ट्या मीच टाकल्या. दोघंही खरं बोलत होते. म्हणून प्रत्येक लॉगिनचा फोल्डर तपासा. आकडे जुळेपर्यंत एकीवर दुसरी कॉपी करू नका.

फाइल उचलण्याआधी प्रोग्रॅम पूर्ण बंद करा. डेटाबेस एसक्यूलाइटची असेल तर शेजारी ‘वॉल’ (-wal) शेवट असलेली फाइल दिसते का पाहा. शेवटच्या काही नोंदी तिच्यातच असू शकतात. ती सोबत न्या.

आता सेटअपची दुरुस्ती. एका मशीनवरच्या सगळ्यांना एकच वही हवी असेल तर डेटा ‘प्रोग्रॅमडेटा’मध्ये तुमच्या नावाच्या फोल्डरात जाऊ द्या. नुसता फोल्डर पुरत नाही: तिथे साधा वापरकर्ता नवी फाइल बनवू शकतो, पण दुसऱ्याने बनवलेली बदलू शकत नाही. इनो सेटअपमध्ये (सेटअप बनवायचं अवजार) त्या फोल्डरला ‘युजर्स-मॉडिफाय’ ही परवानगी द्यावी लागते. सेटअपच्या स्क्रिप्टमधल्या कोऱ्या डेटाबेसच्या ओळीवर दोन फ्लॅग हवेतच, ‘ओन्लीइफडझन्टएक्झिस्ट’ आणि ‘अनइन्सनेव्हरअनइन्स्टॉल’. पहिला नसेल तर पुढचा अपडेट भरलेल्या वहीवर कोरी वही टाकतो; दुसरा नसेल तर अनइन्स्टॉल करताना व्यापाऱ्याचा हिशोबही जातो. तो हिशोब त्याचा आहे, आपला नाही.

आणखी एक. तुमच्या सेटअपच्या नावात दरवर्षी साल बदलतं असं तुम्ही पत्रात पुढे लिहिलं आहे. ‘अ‍ॅपआयडी’, म्हणजे सॉफ्टवेअरची कायमची ओळख, दिला नसेल तर इनो सेटअप नावालाच ओळख धरतं. म्हणून कंट्रोल पॅनेलच्या यादीत तुमचं सॉफ्टवेअर दरसालचं वेगळं दिसतंय. एकदाच आयडी ठरवा आणि तो आयुष्यात बदलू नका.

प्रश्न: पायथनमध्ये जॉबवर्कच्या कोटेशनचा प्रोग्रॅम केला. पेन ड्राइव्हने दिला तेव्हा बसला. तोच मेलने पाठवला तर निळी खिडकी: ‘विंडोजने तुमचा पीसी वाचवला’. एका कारखान्यात तर अँटीव्हायरसने थेट उडवला. गिऱ्हाइकांना अँटीव्हायरस बंद करायला सांगू का? (अंबड)

कधीच नाही. तुमच्यासाठी बंद केलेला अँटीव्हायरस पुन्हा चालू होईलच असं नाही, आणि उद्या त्या कारखान्याच्या फाइल्स कुलूपबंद झाल्या तर पहिलं बोट तुमच्याकडे येईल.

पेन ड्राइव्ह आणि मेलमधला फरक असा. नेटवरून आलेल्या फाइलला विंडोज एक अदृश्य खूण लावतं, आणि ती खूण पाहून स्मार्टस्क्रीन, म्हणजे विंडोजची फाइल-तपासणी, चौकशी करतं. नेहमीच्या फॉरमॅटच्या पेन ड्राइव्हवर ती खूण टिकत नाही. म्हणजे तुमचा पेन ड्राइव्हचा डेमो खरी परीक्षा नव्हतीच. स्वतःलाच मेल करा, ब्राउझरमधून उतरवा आणि मग चालवून पाहा.

डिजिटल सही नसलेल्या फाइलची पत फक्त त्या एका फाइलपुरती असते. नवा बिल्ड काढला की पुन्हा शून्यापासून. कोड सायनिंग प्रमाणपत्राने (प्रोग्रॅम कोणाचा ते सांगणारी डिजिटल ओळख) सही केली तर पत प्रमाणपत्राच्या नावावर जमते. मात्र १ जून २०२३ पासून त्याची खासगी किल्ली हार्डवेअर टोकनमध्ये किंवा तशाच सुरक्षित यंत्रणेत ठेवणं सक्तीचं आहे, नुसती फाइल मिळत नाही. महागडं ईव्ही (जास्त पडताळणी करून मिळणारं) प्रमाणपत्र घेतलं की निळी खिडकी लगेच जाते हा सल्ला अजून फिरतो. तो आता जुना झाला. सही करताना टाइमस्टँप, म्हणजे सहीच्या वेळेची नोंद, विसरू नका. तो असेल तर प्रमाणपत्राची मुदत संपल्यावरही आधीची सही ग्राह्य राहते. आणि ईएक्सई व सेटअप, दोन्हींवर सही करा.

अँटीव्हायरसची तक्रार बहुतेक पायइन्स्टॉलरच्या (पायथन प्रोग्रॅमची ईएक्सई बनवणारं अवजार) ‘वनफाइल’मुळे आहे. ती एकच फाइल दरवेळी टेम्पमध्ये स्वतःला उलगडते, आणि ते वागणं व्हायरससारखं दिसतं. ‘वनडिर’ वापरा, तयार झालेला अख्खा फोल्डर इनो सेटअपमध्ये बांधा, यूपीएक्सने (ईएक्सई लहान करणारं अवजार) दाबू नका. प्रोग्रॅम उघडेलही लवकर. तरीही पकडलं तर अँटीव्हायरस कंपनीच्या साइटवर फाइल तपासणीला पाठवा.

प्रश्न: विंडोजमध्ये खातं उघडताना एका ताईंनी नाव मराठीत लिहिलं. त्यांच्याकडे आमचा प्रोग्रॅम उघडतच नाही. आणि काही ठिकाणी छापील पावतीवर अक्षरं सरकतात. (कॉलेज रोड)

हा प्रश्न आला याचा मला आनंद आहे. आपल्या भाषेत स्वतःचं नाव लिहिलं म्हणून प्रोग्रॅम बंद पडावा, हे आपण मराठी प्रोग्रॅमरांनी तरी सहन करू नये.

त्या ताईंच्या फोल्डरचं नावही देवनागरीत तयार झालं. तुमचा प्रोग्रॅम फाइल उघडताना जुन्या एएनएसआय पद्धतीने फाइलचा मार्ग (पाथ) मागतोय, आणि विंडोजच्या त्या जुन्या अक्षरसंचांत देवनागरीला कधीच जागा नव्हती. मग ‘श्रद्धा’सारख्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते, आणि प्रश्नचिन्ह तर फाइलच्या नावात चालतच नाही. सी प्लस प्लसमध्ये रुंद अक्षरांची फंक्शन्स वापरा, किंवा मॅनिफेस्टमध्ये यूटीएफ-८ हे (सगळ्या लिप्या सामावणारं) कोडपेज जाहीर करा; ते विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून चालतं. तुमच्या चाचणीच्या मशीनवर मराठी नावाचं एक खातं कायमचं असू द्या.

पावतीचं कारण फाँट. तुम्ही मंगल धरून मापं काढली असणार. विंडोज १० पासून मंगल मूळ संचात नाही, भाषेसोबतच्या जादा फाँटमध्ये आहे. तो नसला की निर्मला यूआय येतो, त्याची रुंदी वेगळी, आणि छापील चौकटीतले आकडे सरकतात. मुक्तासारखा खुल्या परवान्याचा फाँट परवान्याच्या मजकुरासह सेटअपमधून बसवा आणि मापं त्याच्यावरच काढा. फाँट अनइन्स्टॉलमध्ये काढू नका, तोवर इतरही कोणी वापरत असेल. जुने विकतचे मराठी फाँट मात्र परवान्याशिवाय वाटू नका.

प्रश्न: एक मोठी कंपनी एमएसआयच (विंडोजच्या स्वतःच्या पद्धतीची सेटअप फाइल) हवं म्हणते. इनो सेटअप सोडू का? (सातपूर)

आधी त्यांच्या आयटी विभागाला विचारा की बसवणार कशाने. ग्रुप पॉलिसीने (कंपनीच्या सगळ्या मशीनवर एकदम बसवायची विंडोजची सोय) असेल तर एमएसआय लागेलच. विक्स (एमएसआय बनवायचं अवजार) शिका, आणि त्यातला ‘अपग्रेडकोड’, म्हणजे सॉफ्टवेअरची ओळख, जन्मभर तोच ठेवा. इनट्यूनने (मायक्रोसॉफ्टची मशीन सांभाळायची ऑनलाइन सोय) असेल तर ईएक्सईसुद्धा चालते, आणि इनोच्या सेटअपला ‘व्हेरीसायलेंट’ हा पर्याय दिला की तो काही न विचारता बसतो. पुष्कळदा त्यांना एवढंच हवं असतं.

प्रश्न: वर्कशॉपमधल्या मशीनशेजारच्या पीसीवर अजून विंडोज ७ आहे. नवा प्रोग्रॅम तिथे बसेल का? (सिन्नर)

कशात लिहिलाय त्यावर आहे. पायथन ३.८, गो १.२०, क्यूट ५.१५ आणि डॉटनेट फ्रेमवर्क ४.८ इथपर्यंत विंडोज ७ चालतं; पायथन ३.९, गो १.२१ आणि क्यूट ६ तिथे चालत नाहीत. सर्व्हिस पॅक १ (विंडोज ७ चा मोठा अपडेट-संच) आहे ना ते पाहा, आणि ३२-बिट की ६४-बिट तेही. विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० पासून सुरक्षा अपडेट नाहीत, म्हणून तो पीसी नेटला न जोडता प्रोग्रॅम पेन ड्राइव्हने न्या. अशा मशीनसाठी रीडिस्ट्रिब्युटेबल सेटअपच्या आतच असू द्या, कारण तिथे नेटवरून काही उतरवायची सोय असणार नाही.