न्यायमूर्ती रानडे एवढे मोठे विचारवंत होते, तर मग इतके तडजोडवादी का होते?

तुम्ही प्रश्नाखाली तीन आरोप ठेवलेत. विधवाविवाहाचा पुरस्कार करून स्वतः अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं, चहाच्या प्रकरणात प्रायश्चित्त घेतलं आणि जन्मभर इंग्रजांची चाकरी केली. मग यांचं राजकीय तत्त्वज्ञान ते काय, असा तुमचा सवाल.

लग्नाचं आधी उरकतो. त्याचा बचाव होत नाही आणि मी करणारही नाही. १८७३ साली पहिली पत्नी वारली. आता हा एखादी विधवा घरात आणणार या धास्तीने वडिलांनी घाईघाईने रमाबाईंशी लग्न ठरवलं आणि पुण्यात न्यायाधीश असलेला तिशी उलटलेला माणूस वडिलांपुढे नमला. त्याच मुलीला घरातल्या बायकांचा विरोध असताना त्यांनी स्वतः शिकवलं, पुढे तिने पुण्याचं सेवासदन उभं केलं, हे सगळं खरं. पण त्याने ते लग्न धुऊन निघत नाही.

चहाचं मात्र वेगळं आहे. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये जे लोक गेले आणि मिशनऱ्यांच्या चहावरून धर्म बुडाला म्हणून ज्यांच्यावर गहजब झाला, त्यांच्या यादीत टिळकही होते आणि प्रायश्चित्त त्यांनीही घेतलं. शिक्का मात्र एकट्या रानड्यांच्या कपाळी बसला. का, ते तुम्हीच शोधा. आणि चाकरीचं म्हणाल तर १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाची धामधूम चालू असताना सरकारने याच चाकराला धुळ्याला हलवलं आणि त्याच्या टपालावर पाळत ठेवली. तुम्हाला वाटतात तितके निरुपद्रवी ते सरकारला वाटत नव्हते.

आता 'तडजोडवादी'. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं, कारण आमच्या घरात 'रानडे' ही शिवी आहे. थोरल्या भावाने खास माझ्यासाठी ठेवलेली.

आमचं गाव कालव्याच्या टेलला, म्हणजे अगदी शेवटच्या टोकाला. ज्यांची शेती टेलला आहे त्यांना पुढचं सांगायला नको. वरचे लोक रात्री दारं उचलतात, पाणी वाटणारा सरकारी पाटकरी डोळे झाकतो आणि आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडायची पाळी, संपत आलं की आमच्या चारीत, शेतापर्यंतच्या छोट्या पाटात, घोटाभर पाणी येतं. एका वर्षी पाऊस धड झाला नाही आणि रब्बीचा गहू डोळ्यांदेखत करपायला लागला. दादाने रास्ता रोको केला. ट्रक अडवले, टायर जाळले, पेपरात फोटो आला, पोरांवर गुन्हे दाखल झाले. त्या रात्री पाणी आलं, गावात फटाके वाजले. दोन दिवसांनी चारी पुन्हा कोरडी.

मी तेव्हा एक वही घातली. चारीवर ज्याची पाळी त्याने लिहायचं. 'रात्री पावणेतीन, टेलचं दार, पाणी नाही.' 'पहाटे पाच, पाणी आलं, घोट्याखाली.' 'सकाळी आठ, बंद.' खाली सही. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांच्या पोरांनी लिहिलं. कोणाचं किती क्षेत्र, पाणी मागणी अर्ज कधी भरला, पाणीपट्टी भरली की थकली, तेही त्यातच. मग माहितीच्या अधिकारात पाटबंधारे खात्याच्या शाखा कार्यालयाची नोंदवही मागवली. तिच्यात आमच्या टेलला सलग पाणी दिल्याचं लिहिलेलं, आणि त्याच रात्री आमच्या वहीत चारी कोरडी. दोन्ही कागद शेजारी शेजारी लावून अर्ज केला. उत्तर नाही. मग वरच्या कार्यालयात केला, मग आणखी वर. दादा पारावर सगळ्यांदेखत म्हणाला, "आमच्याकडे रानडे जन्माला आलेत. अर्ज करा, उत्तराची वाट बघा, परत अर्ज करा." लोक हसले. वहीवर ज्यांच्या सह्या होत्या तेही हसले.

पुढच्या हंगामात आवर्तन टेलकडून सुरू झालं. दादा म्हणतो, माझ्या रास्ता रोकोमुळे. मी म्हणतो, वहीमुळे. हा वाद आजतागायत मिटलेला नाही. पण चारीवरची पोरं आता न सांगता वेळ लिहून ठेवतात आणि पाटकऱ्याला तारखेसकट जाब विचारतात, हे दादाच्या टायरांनी झालेलं नाही.

हेच तर रानड्यांचं राजकारण. गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काकांनी १८७० साली लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडायला पुण्यात सार्वजनिक सभा काढली, पुढच्याच वर्षी रानडे पुण्यात आले आणि सभेचं डोकं झाले. १८७६-७७ च्या दुष्काळात सभेने गावोगावची माहिती गोळा केली आणि ती सरकारपुढे मांडत राहिली. ब्रिटिश पार्लमेंटात हिंदुस्थानचे प्रतिनिधी हवेत, असा अर्ज तर सभेने १८७५ मध्येच पाठवला होता. तेव्हा काँग्रेसचा जन्मही व्हायचा होता.

पुढे गोपाळ कृष्ण गोखले या कामात आले. इतकी मेहनत करून सरकारचं उत्तर दोन ओळींचं, म्हणून ते वैतागले. तेव्हा रानड्यांनी त्यांना सांगितलं ते असं: हे अर्ज नावापुरते सरकारला आहेत. खरे ते लोकांना आहेत, त्यांना या गोष्टींचा विचार करायला शिकवण्यासाठी. या देशात हे राजकारण नवं आहे, तेव्हा दुसऱ्या कुठल्या फळाची अपेक्षा न धरता ते पुष्कळ वर्षं करावं लागेल. अर्ज म्हणजे भीक असं ज्यांना वाटतं त्यांनी हे पुन्हा वाचावं. हो, दादा, तू पण.

तुम्हाला त्यांचं तत्त्वज्ञान नेमक्या शब्दांत हवं असेल तर ते रानड्यांच्या भक्तांकडून घेऊ नका, डॉ. आंबेडकरांकडून घ्या. १८ जानेवारी १९४३ ला, रानड्यांच्या १०१ व्या जयंतीला, पुण्यात डेक्कन सभेने त्यांचं व्याख्यान ठेवलं होतं. डेक्कन सभा म्हणजे टिळकांच्या गटाने सार्वजनिक सभा ताब्यात घेतल्यावर रानड्यांनी १८९६ मध्ये काढलेली संस्था. बाबासाहेबांनी तिथे रानड्यांचं राजकारण तीन सूत्रांत मांडलं. ध्येय निव्वळ कल्पनेतलं नको, गाठता येईल असं हवं. राजकारणात बुद्धी आणि सिद्धांतापेक्षा लोकांची भावना आणि वृत्ती वजनदार असते. आणि वाटाघाटीत जे शक्य आहे ते धरायचं. याचा अर्थ मिळालं त्यात समाधान मानायचं असा नाही. समोरच्याला जास्त द्यायला भाग पाडण्याइतका जोर आपल्या हातात नसेल तर पुढ्यात आलेलं लाथाडायचं नाही, एवढाच.

याच व्याख्यानात त्यांनी विचारलं की जास्त धैर्य कोणाचं, समाजाला आव्हान देऊन बहिष्कार ओढवून घेणाऱ्या सुधारकाचं, की सरकारला आव्हान देऊन काही महिने-वर्षं तुरुंगात जाणाऱ्याचं? तुरुंगातून सुटणाऱ्याला हार मिळतात. वाळीत पडलेल्याच्या दारात कोण येतो?

अर्थकारणातही हेच. १८९२ च्या डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात त्यांनी इंग्रजांचं अर्थशास्त्र इंग्रजांच्याच तोंडावर फेकलं. तुमचे नियम तुमच्या देशाच्या परिस्थितीतून आले, ते सगळीकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. सगळा देश शेतीवर ढकलला गेलाय, तेव्हा उद्योग उभे करायला सरकारने हात दिला पाहिजे. हे इंग्रजांचा पगार घेणारा न्यायाधीश बोलतोय. आणि बंगाली शिकायची तर कलकत्त्यात हजामत करायला आलेल्या न्हाव्याला पुस्तकातले शब्द विचारणारा हाच माणूस. रमाबाईंनी लिहिलंय ते. मला तो माणूस तिथे जास्त कळतो.

आता राहिलेलं सांगतो, नाहीतर कमेंटमध्ये तुटून पडाल. इंग्रजी राज्य ही ईश्वरी योजना आहे हा त्यांचा विश्वास मला आजही पचत नाही. सार्वजनिक सभेत शेतकरी आणि महार-मांग कुठे आहेत, हा जोतीराव फुल्यांचा सवाल बिनतोड होता. त्याला सभेकडे उत्तर नव्हतं. आणि माझी वही साहेबांनी उघडून वाचली त्याला आदल्या वर्षीच्या रास्ता रोकोची धास्ती थोडी कारण असेल, एवढं मी दादाला देतो. थोडी.

तुम्ही ते १९४३ चं व्याख्यान वाचा, एका बैठकीत होतं. दादाला मी त्याची झेरॉक्स दिली होती, त्याने उघडलेली नाही. ज्या गटाविरुद्ध तो रस्त्यावर बसला होता त्याच गटाच्या पाठिंब्यावर तो आता उपसरपंच आहे. त्याला तो 'राजकारण' म्हणतो.