‘चंद्रावर गेले’ नक्की कुणाकुणाला म्हणायचं?

प्रश्न असा आलाय : अमेरिकेच्या अपोलो ८ या चांद्रमोहिमेतल्या तिघांबद्दल एका लेखात ‘चंद्रावर गेलेली पहिली माणसं’ असं लिहिलं होतं, ते तपासणाऱ्याने ‘चंद्रावर पहिला आर्मस्ट्राँग गेला’ म्हणून खोडलं, तर बरोबर कोण? आणि त्याला जोडून, ‘चांद्रवीर’ हा शब्द फक्त चंद्रावर चाललेल्यांनाच लावायचा का?

तपासणाऱ्याची शंका रास्त आहे, पण त्याने दिलेलं कारण मला पटत नाही. मराठीत ‘-वर जाणे’ म्हणजे त्या वस्तूच्या पाठीवर पाय टेकणे असा अर्थ दरवेळी होत नाही. बाई विहिरीवर जाते, नदीवर धुणं धुवायला जाते, आपण समुद्रावर फिरायला जातो आणि वाळूत बसून भेळ खाऊन येतो, पाण्याला पायही लागत नाही कधीकधी. माणूस कामावर जातो, सैन्य मोहिमेवर जातं, स्वारीवर जातं. तेव्हा नुसतं व्याकरण बघितलं तर बोरमन, लव्हेल, अँडर्स हे तिघे डिसेंबर १९६८ मध्ये चंद्रावर गेले होते म्हणायला काहीच हरकत नाही.

अडचण वेगळीच आहे. चंद्राला खरोखरचा पृष्ठभाग आहे आणि पुढच्याच वर्षी तिथे माणसं खरोखर उभी राहिली, त्यामुळे आता ‘चंद्रावर गेले’ म्हटलं की वाचणारा आपोआप उतरले असं ऐकतो. गडावर गेले म्हटल्यावर गड चढून वर पोचले असं आपण ऐकतो, तसंच. म्हणून मी स्वतः अपोलो ८ साठी ‘चंद्रापर्यंत गेले’ किंवा ‘चंद्राला प्रदक्षिणा घालून आले’ असं लिहीन. चुकीचं म्हणून नाही, तर वाचणाऱ्याची गैरसमजूत होऊ नये म्हणून. आणि त्यांचा मान त्याने तसूभरही कमी होत नाही. पृथ्वीची कक्षा सोडून बाहेर पडलेली ही पहिली तीन माणसं, सोबत उतरायचं यानच नव्हतं, आणि चंद्राच्या कक्षेत शिरण्यासाठी इंजिन पेटवायचं ते चंद्राच्या पाठीमागे, जिथून ह्यूस्टनच्या नियंत्रण केंद्राशी बोलणंच शक्य नाही. परत निघताना त्याच इंजिनाने तिथे दगा दिला असता तर काय झालं असतं याचा विचार करून बघा. २४ डिसेंबरला ते कक्षेत शिरले, चंद्रापासून साधारण ११० किलोमीटरवरून वीस तासांत दहा फेऱ्या मारल्या आणि २७ तारखेला पॅसिफिकमध्ये येऊन पडले.

‘प्रदक्षिणा’ शब्दाबद्दल थोडं जास्त लिहितो कारण तो इथे फार नेमका बसतो. देव उजव्या हाताला ठेवून फिरायचं ही प्रदक्षिणेची रीत. पृथ्वीभोवती फिरणारी याने बहुतेक पश्चिमेकडून पूर्वेकडे जातात, उत्तरेकडून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट, म्हणजे रीतीप्रमाणे बघितलं तर उलटी प्रदक्षिणा. पण अपोलोची याने चंद्राभोवती उलट दिशेने, पूर्वेकडून पश्चिमेकडे फिरली, म्हणजे उत्तरेकडून बघणाऱ्याला घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, चंद्र उजव्या हाताला ठेवून! कारण अर्थातच धार्मिक नाही, मोहिमेला निघताना यान चंद्राच्या पुढच्या अंगाने जाऊन त्याच्या मागून वळेल अशी वाट आखलेली असायची, म्हणजे काही बिघडलंच तर चंद्राच्या ओढीनेच यान पृथ्वीकडे परत फिरेल. तरी शब्द इतका चपखल बसावा याचा मला मनापासून आनंद होतो. वर्तमानपत्रवाले ‘घिरट्या घातल्या’ लिहितात ते मला नाही आवडत, घिरट्या घारी घालतात, त्यात भक्ष्यावर डोळा असतो.

आता अपोलो १३ घ्या. एप्रिल १९७०, वाटेत ऑक्सिजनची टाकी फुटली, उतरणं रद्द झालं, आणि लव्हेल, स्विगर्ट, हेझ हे तिघे चंद्राच्या मागून जाऊन थेट घरी परतले. त्यांनी प्रदक्षिणा घातली नाही, कक्षेत ते शिरलेच नाहीत. इथे आपला साधा ‘वळसा’ हवा, चंद्राला वळसा घालून आले. प्रदक्षिणा पुरी होते, वळसा पुढे निघून जातो, हा फरक आपल्या बोलण्यात रोजचा आहे, मग लिहिताना सगळ्याला सरसकट ‘परिक्रमा’ का म्हणायचं? (लव्हेल हा माणूस दोनदा चंद्रापर्यंत गेला आणि एकदाही उतरला नाही. त्याच्या वाट्याला एकदा प्रदक्षिणा आली, एकदा वळसा.) अपोलो १० तर मे १९६९ मध्ये वेशीपासून परत आलं. स्टॅफर्ड आणि सर्नन यांनी उतरायचं यान पृष्ठभागापासून जेमतेम पंधरा किलोमीटरवर नेलं आणि ठरल्याप्रमाणे वर घेतलं, यंग वरच्या यानात थांबला होता.

खरा घोळ ‘उतरणे’ या क्रियापदाचा आहे, त्याबद्दल कुणी विचारलं नाहीये पण विचारायला हवं होतं. विमान उतरतं आणि मग आपण विमानातून उतरतो, दोन्हीला एकच शब्द. ‘आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन चंद्रावर उतरले’ म्हटलं तर ते दोघे एकाच क्षणी उतरले, कारण ईगल यान दोघांना घेऊन टेकलं, आपल्याकडे २१ जुलै १९६९ ची पहाट, पावणेदोनच्या सुमाराला. पण ‘आर्मस्ट्राँग आधी उतरला’ हेही खरंच आहे, कारण शिडीवरून तो आपल्या घड्याळात सकाळी साडेआठच्या आसपास खाली आला आणि ऑल्ड्रिन त्यानंतर साधारण वीस मिनिटांनी. मधे साडेसहा तास गेले! ही दोन उतरणी एकाच वाक्यात मिसळली की तारखांचे आणि वेळांचे गोंधळ होतात (त्यात अमेरिकेत अजून २० जुलैच होती). म्हणून यानासाठी ‘टेकलं’ किंवा ‘उतरलं’ आणि माणसासाठी ‘पाऊल ठेवलं’ असं वाटून घ्यावं, दोन्ही आपलेच रुळलेले शब्द आहेत.

राहिला ‘चांद्रवीर’. आधी रूप, चंद्र पासून चांद्र, जसं चांद्रमास, चांद्रयान. चंद्रवीर लिहिलं तर ते कुणाचं तरी नाव वाटतं. अर्थाबाबत माझं मत ठाम आहे, हा शब्द चंद्रापर्यंत गेलेल्या सगळ्यांचा. अपोलोच्या काळात, म्हणजे १९६८ ते १९७२, असे २४ जण झाले आणि त्यातले १२ चंद्रावर चालले. ‘वीर’ चालण्याबद्दल लावायचा तर अपोलो ११ मधल्या तिसऱ्याला, मायकेल कॉलिन्सला काय म्हणणार? आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन खाली असताना तो वरच्या कोलंबिया यानात एकटा फिरत होता, दर फेरीला पाऊण तासाहून जास्त वेळ चंद्रामागे, कुणाचाही आवाज नाही, आणि ते दोघे वर येऊ शकले नाहीत तर एकट्याने परत यायचं हे त्याला पक्कं माहीत होतं. ऑक्टोबर १९६९ मध्ये जगदौऱ्यावर असताना हे तिघेही मुंबईत आले होते, त्यातल्या दोघांनाच चांद्रवीर म्हणायचं ही कल्पनाच मला सहन होत नाही. आणखी एक, ते प्रसिद्ध पृथ्वी उगवतानाचं छायाचित्र अँडर्सने काढलं, तो चंद्रावर उतरला नव्हता. ते दृश्य फिरणाऱ्यालाच दिसतं, चंद्रावर एका जागी उभं राहिलेल्याला पृथ्वी आकाशात जवळजवळ तिथेच दिसत राहते, ती उगवत नाही.

तेव्हा मूळ वाक्य असं करा : ‘अपोलो ८ चे बोरमन, लव्हेल आणि अँडर्स हे पहिले चांद्रवीर, चंद्राला प्रदक्षिणा घालून आलेले. चंद्रावर पहिलं पाऊल आर्मस्ट्राँगचं.’ दोघांचंही म्हणणं राहतं. फक्त एक जपा, अपोलो नावाने उडालेला प्रत्येक जण चांद्रवीर नाही, अपोलो ७ आणि ९ पृथ्वीभोवतीच फिरली, त्यातले सहाही जण अंतराळवीर. त्यांच्यातला डेव्हिड स्कॉट मात्र १९७१ मध्ये अपोलो १५ घेऊन चंद्रावर उतरला, त्यामुळे त्याच्यापुढे अपोलो ९ च्या संदर्भात अंतराळवीर आणि १५ च्या संदर्भात चांद्रवीर लिहिलंत तर दोन्ही बरोबर.