मनगट जुळलं, पण हाडांचं काय?

प्रश्न : सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. कूलरजवळच्या ओल्या फरशीवर घसरल्या आणि मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरांनी हाडांची झीज रोखायला आठवड्यातून एकदा घ्यायची ७० मिलिग्रॅम अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी दिली. त्या ती सकाळच्या चहासोबत घेतात, मग छातीत जळजळ होते. बंद करावी का? कॅल्शियम तर वर्षानुवर्षं चालूच आहे.
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : उपचार सोडू नका, पण पुढच्या गोळीआधी जळजळीचं डॉक्टरांना सांगा. गिळताना दुखत असेल तर गोळी थांबवून लगेच दाखवा.

चहा, दूध किंवा कॅल्शियमसोबत ही गोळी अंगी लागतच नाही. ठरलेल्या वारी, उठल्याबरोबर, उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत अख्खी गिळायची. पुढे किमान अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही आणि आडवं व्हायचं नाही. घोटभर पाण्यासोबत घेऊन पुन्हा लवंडलं, तर गोळी अन्ननलिकेत रेंगाळते आणि आतलं अस्तर सोलवटतं. तरीही सोसत नसेल, तर वर्षातून एकदा शिरेतून देतात ते झोलेड्रोनिक अ‍ॅसिड आहे. त्याआधी मूत्रपिंड, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासावं लागतं.

कॅल्शियम हवंच, पण ते एकटं हाडांची झीज रोखत नाही. या वयात आहार आणि गोळ्या मिळून दिवसाला १२०० मिलिग्रॅम पुरे. पाव लिटर दुधातूनच ३०० च्या आसपास मिळतं. कॅल्शियम कार्बोनेट जेवणासोबत घ्यावं, एका वेळी ५०० पर्यंतच.

उभ्या उभ्या पडून मनगट मोडणं हा पन्नाशीनंतर स्पष्ट इशारा असतो. प्लास्टर निघालं की विषय संपला असं घरोघरी समजतात, आणि खरं नुकसान तिथेच होतं. मणका खचायला तर पडावंही लागत नाही, भरलेली बादली वाकून उचलली तरी पुरतं. अनवाणी, भिंतीला टाच लावून सासूबाईंची उंची मोजा. तरुणपणीपेक्षा ४ सेंटिमीटर कमी भरली, तर पाठीचा बाजूने एक्स-रे काढून घ्या. कंबर आणि खुब्याची डेक्सा तपासणी, म्हणजे हाडांची घनता मोजणारा एक्स-रे, झाली नसेल तर तीही करा. त्यातला टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांशी तुलना करणारा आकडा, उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर तो ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ होण्याचा आजार.

सर्वांत जपायचा तो खुबा. कूलरची टाकी भरताना सांडलेलं पाणी लगेच पुसा, वायर भिंतीकडेने न्या, सरकणारी पायपुसणी काढून टाका, संडास-बाथरूममध्ये धरायला दांडा बसवा.

आणि दात काढायचा असेल, तर ही गोळी चालू असल्याचं दंतवैद्यांना आधी सांगा.