पिकअपवाल्यांचे प्रश्न : पाटे वाढवण्याआधी गाडी काट्यावर न्या

या वेळच्या टपालात निम्मी पत्रं एकाच गोष्टीची आहेत : मागचे पाटे, म्हणजे चाकांवरचा भार पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, वाढवू का? कुर्ल्यात सीएसटी रोडवरच्या माझ्या गॅरेजमध्येही हाच प्रश्न रोज येतो. म्हणून त्याचं उत्तर सविस्तर देतो. बाकीच्यांना जागा उरेल तेवढी.

प्रश्न : काका, भाऊच्या धक्क्यावरून पहाटे मासळी भरून आमची पिकअप दादर आणि पुढे बोरिवलीपर्यंत जाते. बर्फासकट भरली की मागून पार बसते आणि खड्ड्यात चॅसिसच्या रबरावर आपटते. गॅरेजवाला म्हणतो, दोन पाटे वाढवून देतो, वर टनभर माल जास्त घेईल. करून घेऊ का?
– मासळीचा धंदा करणारी ताई, माझगाव

उत्तर : ताई, आत्ता नको. आधी नेहमीसारखी भरलेली गाडी वजनकाट्यावर न्या. एकदा पूर्ण गाडीचं वजन करा, मग फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून पुन्हा करा. दोन्ही आकडे लिहून घ्या आणि आरसीसमोर ठेवून बघा. आरसीवर एकूण वजन, रिकामं वजन आणि प्रत्येक ॲक्सलला मंजूर असलेलं वजन दिलेलं असतं. समजा, एकूण ३,००० किलो आणि रिकामं १,७०० किलो. मधले १,३०० किलो सगळे मालाचे नाहीत. ड्रायव्हर आणि दोन माणसं धरून २०० वजा करा. राहिले १,१००. बर्फासकट भरलेला क्रेट काट्यावर ४० किलोचा निघाला, तर २७ क्रेट झाले की गाडी भरली. लोक मासळी मोजतात आणि बर्फ विसरतात.

आता टनभर जास्तीचं बघू. माल पेलतो पाटा, पण तो वाहून नेतात टायर, हबचे बेअरिंग आणि हौजिंग (मागच्या ॲक्सलचं लोखंडी कवच), आणि थांबवतो ब्रेक. दोन पाटे वाढवल्याने यातलं काहीही वाढत नाही. गाडी बसायची थांबते, म्हणजे ‘आता पुरे’ असं सांगायची थांबते, एवढंच.

याहून वाईट गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या हौजिंगपासून चॅसिसवरच्या एका व्हॉल्व्हपर्यंत बारीक रॉड किंवा स्प्रिंग गेलेली असते. गाडी मालाने खाली बसली की तो रॉड हलतो आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. रिकाम्या गाडीत दाब कमी ठेवतो, नाहीतर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरेल. जास्तीचे पाटे घातले की भरलेली गाडीही उंच राहते. व्हॉल्व्हला वाटतं हौदा रिकामा आहे, आणि तो मागचा ब्रेक मागे धरतो. म्हणजे माल वाढला आणि ब्रेक घटला. ताई, तुमची गाडी ज्या रस्त्यांवरून जाते तिथे शाळेची मुलं रस्ता ओलांडतात. म्हणून मी या बाबतीत कुणाचंही ऐकत नाही.

कायद्याचंही सांगतो. जादा मालासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलू देत नाहीत. उन्हात उतरवलेल्या मासळीचं काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको.

पण काट्यावर वजन पासिंगच्या, म्हणजे आरसीवरच्या मंजूर वजनाच्या, आत निघालं आणि तरी गाडी बसत असेल, तर पाटे कमी नाहीत, पाटे मेलेत. मला तुमच्या पत्रावरून तीच शंका जास्त आहे. बर्फ वितळून खारं पाणी हौद्याच्या सांध्यांतून थेट पाट्यांवर आणि चॅसिसवर गळतं. गंजाने पाट्याला खड्डे पडतात आणि तडा तिथूनच सुरू होतो. गाडी सपाट जागी रिकामी उभी करा. हौजिंगपासून वरच्या रबरापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजा. एक बाजू उतरलेली दिसली तर त्या बाजूचा पाटा तुटला असेल किंवा कमान उतरली असेल. पाटे तारेच्या ब्रशने घासून सेंटर बोल्टच्या आसपास आणि क्लिपांखाली बॅटरी मारून तडा शोधा. बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

सापडला तर एकच पाटा बदलू नका. दोन्ही बाजूंचा पूर्ण संच नवा घाला, कंपनीने त्या मॉडेलला दिलेला. जुने पाटे ठोकून कमान चढवून देणारे आहेत. पण पाट्याच्या पोलादाला कारखान्यात तापवून, तेलात विझवून ताकद दिलेली असते, ती हातोड्याने परत येत नाही. काही महिन्यांत कमान पुन्हा उतरते. पाटे हौजिंगला आवळणारे यू-बोल्ट नवेच घ्या, एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा वापरायचा नसतो. आणि माल भरून ३००-४०० किलोमीटर चालवल्यावर ते पुन्हा कसून घ्या. हे न केल्यामुळे नवे पाटे सेंटर बोल्टवर तुटलेले मी खूप पाहिलेत.

रोज धंदा संपला की खालून गोड्या पाण्याने धुवा. हौद्यापेक्षा हौद्याखाली जास्त पाणी मारा. चॅसिसच्या कडेने जाणारे ब्रेकचे लोखंडी पाइप दर महिन्याला बोटाने चाचपा. खरबरीत, फुगलेले लागले तर लगेच बदला. आणि जड क्रेट केबिनच्या बाजूला लावा, फाळक्याकडे नको. फाळक्याकडे वजन गेलं की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात राहत नाही.

प्रश्न : मागच्या दिवाळीत पाटे वाढवले. तेव्हापासून ४०च्या पुढे गाडी थरथरते. चाकांचं बॅलन्सिंग दोनदा केलं. फरक शून्य.
– मंडप डेकोरेशनवाले, लालबाग

उत्तर : भाऊ, पाटे वाढवल्यावर गाडी मागून उचलली गेली आणि जॉइंटचा कोन बदलला. जॉइंट म्हणजे गिअरबॉक्सपासून हौजिंगपर्यंत जाणारा शाफ्ट; तो ठराविक कोनातच गुळगुळीत फिरतो. कोन वाढला की त्याचे क्रॉस, म्हणजे टोकांचे फिरते सांधे, प्रत्येक फेऱ्यात झटके देतात.

खात्री अशी करा. मोकळ्या सपाट रस्त्यावर थरथर सुरू झाली की क्लच दाबून इंजिनचा वेग खाली येऊ द्या. गाडीचा वेग तोच असताना थरथर तशीच राहिली तर दोष इंजिनात नाही, जॉइंटमध्ये किंवा चाकांत आहे. मग गाडी बंद करून, चाकांना ओट (अडसर) लावून खाली जा आणि शाफ्ट हाताने धरून हलवा. क्रॉसमध्ये जरासुद्धा खेळ जाणवला तर तो गेला. मधल्या सेंटर बेअरिंगचं रबर फाटलंय का तेही बघा. शाफ्ट कधी उघडला असेल तर दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे चिमटे) एका रेषेत आहेत ना, हे मेकॅनिकला दाखवायला सांगा. एक दात इकडेतिकडे बसला तरी गाडी थरथरते. उघडण्याआधी खूण करायची असते, घाईत ती राहून जाते.

सगळं ठीक असूनही थरथर राहिली तर वाढवलेले पाटे काढा. तुमचे बांबू आणि पडदे जागा जास्त खातात, वजन तेवढं नसतं. तुम्हाला त्या पाट्यांची गरजच नव्हती.

प्रश्न : नाशिकहून कांदा भरून उतरताना कसारा घाटात ब्रेकचं पेडल एकदम खाली गेलं. दोन-तीनदा पंप केल्यावर लागलं. खाली येऊन बघितलं तर सगळं नॉर्मल. ब्रेकचे लाइनर नवे आहेत. मग झालं काय?
– कांदा-बटाटा वाहतूकदार, कुर्ला

उत्तर : ‘सगळं नॉर्मल’ यावर विश्वास ठेवून पुन्हा घाटात जाऊ नका, ही पहिली विनंती.

घाटात ब्रेक दोन तऱ्हांनी जातो. पेडल कडक लागतं पण गाडी थांबत नाही, तेव्हा लाइनर तापून घसरायला लागलेले असतात. पेडल मऊ होऊन खाली जातं, तेव्हा ब्रेक ऑइल उकळलेलं असतं. उकळलं की पाइपात वाफ होते, वाफ दबते आणि पायाचा जोर चाकापर्यंत पोचत नाही. थंड झालं की वाफेचं पुन्हा द्रव होतं, म्हणून खाली आल्यावर काही सापडत नाही. तुमचं दुखणं हे दुसरं दिसतं.

नवं डॉट ४ ग्रेडचं ब्रेक ऑइल किमान २३० अंशांना उकळतं. पण ते हवेतली ओल शोषतं, आणि मुंबईच्या हवेत ओल किती ते तुम्ही जाणता. ओल शोषलेल्या त्याच ऑइलचा उकळबिंदू १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. भरलेल्या गाडीचे ब्रेक घाटात तेवढे सहज तापतात. लाइनर बदलताना लोक ऑइल वरून भरतात, बदलत नाहीत. दर दोन वर्षांनी पूर्ण काढून नवं भरा, चारही चाकांच्या ब्रेक पाइपांतली हवा काढा. डबा सीलबंद घ्या. अर्धा उघडा पडलेला डबा फुकट मिळाला तरी नको. त्याच वेळी मास्टर सिलिंडरचे रबर तपासायला लावा, कारण तेही गळून पेडल असंच खाली सोडतात.

आणि उतरण्याची पद्धत. घाट सुरू होण्याआधीच गिअर खाली घ्या, उतारावर वेग आल्यावर नाही. ज्या गिअरमध्ये ब्रेकला पाय न लावता गाडी आवरते तो तुमचा गिअर. ब्रेक लावायचा तो ठाम लावून वेग कमी करा आणि सोडा. पाय ठेवून घासत उतरलात तर कुठलंच ऑइल टिकणार नाही. डिझेल वाचेल म्हणून न्यूट्रल करणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे : गिअरमध्ये उतरताना आजचं कॉमन रेल इंजिन ॲक्सिलरेटर सोडल्यावर डिझेल घेतच नाही. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतं. वाचत काहीच नाही आणि जीव पणाला लागतो.

प्रश्न : बीएस-६ पिकअप आहे. वाशी मार्केट ते चेंबूर-सायन भाजी टाकतो. सायलेन्सरच्या फिल्टरचा दिवा सारखा लागतो. एकाने फिल्टर पोकळ करून सॉफ्टवेअर मारून देतो सांगितलं.
– भाजीवाले, मानखुर्द

उत्तर : नका करू. त्या फिल्टरमध्ये डिझेलची काजळी अडते आणि साधारण ६०० अंशांच्या आसपास जळून जाते. तुमची गाडी दर दोनशे मीटरला थांबते, तेवढी तापतच नाही. मग काजळी साचते. नुसता पिवळा दिवा असेल तर आठवड्यातून एकदा परतीच्या वाटेवर गाडी सायन-पनवेल रस्त्याला काढा आणि एक गिअर खालचा ठेवून, इंजिन २,००० फेऱ्यांच्या वर राखून वीसेक मिनिटं सलग चालवा. फिल्टर जळत असताना मध्येच बंद करू नका. दिवा लुकलुकायला लागला किंवा सोबत इंजिनचा दिवाही लागला, तर मात्र थेट स्कॅनर असलेल्या ठिकाणी न्या.

इंजिन ऑइलची डिपस्टिक बघत जा. काजळी जाळायला इंजिन जादा डिझेल सोडतं. जाळणं अर्धवट राहिलं की त्यातलं थोडं ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर आनंद मानू नका, लगेच बदला. आणि मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच ऑइल भरा. स्वस्त जुन्या ग्रेडच्या ऑइलची राख फिल्टरमध्ये बसते, आणि राख जळत नाही.

पोकळ केलेल्या फिल्टरसाठी कलम १८२अ खाली मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. तो धूर मानखुर्दच्या हवेत जाणार, तुमच्याच घरात.

प्रश्न : पुढे लोखंडी गार्ड आणि चार जादा दिवे लावायचे आहेत.
– वाचक, भांडुप

उत्तर : गार्डवर केंद्राने डिसेंबर २०१७मध्येच मनाई केली आहे. तो धडकेचा मार थेट चॅसिसला आणि पायी चालणाऱ्याला देतो. जादा दिव्यांऐवजी डॅशबोर्डवरचं हेडलाइट वर-खाली करायचं बटण वापरा. गाडी भरली की प्रकाश आभाळात जातो, तो रस्त्यावर आणा.

प्रश्न : गेल्या पावसात गांधी मार्केटच्या पाण्यात गाडी बंद पडली. स्टार्टर न मारता टोचन करून आणली, मग चालू झाली. आता हौजिंगमधून घुंई असा आवाज येतो.
– कुरिअरची गाडी चालवणारा, सायन कोळीवाडा

उत्तर : दादा, पाण्यात बंद पडल्यावर तुम्ही स्टार्टर मारला नाहीत, हे फार चांगलं केलंत. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो.

हौजिंगचा प्लग उघडून थोडं ऑइल काढा. दुधाच्या चहासारखं निघालं तर आत पाणी गेलंय. तापलेलं हौजिंग एकदम गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि वरच्या ब्रीदरमधून, म्हणजे हवेच्या छिद्रातून, पाणी ओढून घेते. त्या ऑइलवर महिनोन्‌महिने गाडी चालली म्हणून बेअरिंग गंजले. नुसतं ऑइल बदलून आवाज जाणार नाही. हौजिंग उघडून बेअरिंग बदला, आणि क्राउन-पिनियन हे गिअर बदलायचे का, ते त्यांचे दात बघून मगच ठरवा.

एक बदल मात्र मी तुम्हाला आग्रहाने करायला सांगेन. ब्रीदरला ऑइल चालेल असा रबरी पाइप जोडून तो चॅसिसच्या वर, हौद्याच्या पुढच्या भिंतीपाशी नेऊन बांधा, तोंड खाली वळवून. खर्च किरकोळ आहे. पाइप कुठे दुमडू देऊ नका, चाक वर-खाली होताना ताणू देऊ नका. पुढच्या पावसाआधी हे करा, आणि चारही चाकांचं ग्रीस त्याच दिवशी बदलून घ्या.