भेरूघाटाचा उतार

बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचा फोन आला होता. कोपराचं प्लास्टर निघालं तरी पोरगी सायकलकडे ढुंकून बघत नाही म्हणाली. म्हणून सायकल मी मागवून घेतली. आमच्या इंदूरच्या राजेंद्रनगरच्या गच्चीवर ती उलटी ठेवली आणि पुढच्या ब्रेकच्या रबरावर नख फिरवलं. खाचा पार बुजल्यात! भेरूघाटात तू घाबरून पडलीस असं सगळे म्हणतात. मला अर्धा दोष या रबराचा दिसतोय.

उरलेला अर्धा तुझा. वळणात शिरल्यावर ब्रेक दाबलास ना? ब्रेक वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना, दोन्ही मिळून. मग बोटं सैल. बाहेरच्या बाजूचं पेडल खाली, भार त्याच्यावर, आणि नजर वळण संपतं तिथे. खड्ड्याकडे बघशील तर खड्ड्यातच जाशील. सिमरोलच्या पुढे ट्रकमधून सांडलेलं डिझेल किंवा कडेची बारीक खडी दिसली, की खुशाल हळू जा. त्यात कसला कमीपणा?

तुझ्या भिंतीवर ॲनेमिक व्हॅन व्ल्यूटेन आहे, ती डच सायकलपटू. 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकच्या शर्यतीत ती एकटी सगळ्यांच्या पुढे होती आणि उतारावर आपटली. पाठीच्या कण्याला तीन फ्रॅक्चर, डोक्याला मार. पुढच्याच वर्षी बर्गनला टाइम ट्रायलची, म्हणजे एकटीने घड्याळाशी लावलेल्या शर्यतीची, जगज्जेती. 2022 मध्ये ऑस्ट्रेलियात वोलोंगॉन्गच्या जागतिक स्पर्धेत तर कोपर मोडलेलं, पेडलवर उभं राहता येत नव्हतं, तरी शेवटच्या किलोमीटरात बसल्या बसल्या सगळ्यांना मागे टाकलं. ऐकायला झकास आहे, पण एवढं मात्र तिच्याकडून उचलू नकोस. तुझं हाड नीट जुळू दे.

उचलायचं ते दुसरंच. गुडघ्याने फुटबॉल सोडवला म्हणून ती सायकलकडे आली. साथरोगशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतली. 2022 मध्ये महिलांची टूर द फ्रान्स जिंकली तेव्हा एकोणचाळिशीची होती, निवृत्त झाली 2023 मध्ये. आणि तू अठराव्या वर्षी ‘वय निघून चाललंय’ म्हणत कॉलेज सोडायला निघालीस! बाबांशी तो विषय पुन्हा काढू नकोस, निदान परीक्षा होईपर्यंत.

नवी रबरं मी आणून बसवलीत. रविवारी पहाटे साडेपाचला फाटकाशी ये. भेरूघाट नाही, राऊकडचा एखादा छोटा उतार, दहा वेळा. पोहे-जिलबी माझ्याकडून. आणि पडलीस तेव्हाचं हेल्मेट घालून येऊ नकोस, नवीन घे. वरून तडा दिसत नाही म्हणजे आत नसेलच असं नाही.

तुझी,
सायकलवाली मावशी